हॅलोजने : मावळ-लोणावळा परिसरातील इतिहास

हॅलोजने : फ्ल्युओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन व ॲस्टटीन या अधातवीय मूलद्रव्यांच्या कुलास हॅलोजने म्हणतात. आवर्त सारणीच्या सतराव्या गटात त्यांचा समावेश होतो. याच गटातील टेनेसीन हे ११७ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य २०१० मध्ये कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले. त्याचे फारच थोडे अणू मिळालेले असल्यामुळे त्याच्या रासायनिक गुणधर्मांविषयी केवळ अनुमाने करता येतात. ‘हॅलोजन’ ही संज्ञा ‘लवण’ व ‘निर्माण करणारा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आली असून ती योहान श्वायगर यांनी १८११ मध्ये प्रथम वापरली.

या मूलद्रव्यांच्या अणूंच्या बाह्यतम कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. आठवा इलेक्ट्रॉन मिळविण्याच्या तीव्र प्रवृत्तीमुळे ती निसर्गात मुक्त स्थितीत जवळजवळ कधीच आढळत नाहीत. धातूंशी वा अन्य मूलद्रव्यांशी बद्ध अशाच स्थितीत ती सापडतात. बद्ध स्थितीत ती बहुधा निरुपद्रवी, तर मुक्त स्थितीत अत्यंत विक्रियाशील व विषारी असतात. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळा-खंडाळा हा घाटमाथा यांच्या भूवैज्ञानिक व सामाजिक इतिहासात या दोन्ही स्थितींची ठळक उदाहरणे आढळतात. खडकात कोंडले गेलेले फ्ल्युओरीन, बोरघाटाच्या बांधणीच्या काळातील पटकीची साथ, छायाचित्रणाच्या काचा, पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण आणि रासायनिक युद्धापासूनच्या संरक्षणाचे शिक्षण हे या इतिहासाचे मुख्य टप्पे होत.

शोध : कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी १७७४ मध्ये पायरोल्युसाइट या खनिजावर हायड्रोक्लोरिक अम्लाची विक्रिया करून क्लोरीन वायू मिळविला. तो ऑक्सिजनयुक्त संयुग असावा, असा त्या वेळचा समज होता. ते मूलद्रव्य आहे हे सर हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखविले व हिरवट पिवळ्या रंगावरून त्याला क्लोरीन हे नाव दिले. बेर्नार कूर्त्वा यांना १८११ मध्ये समुद्रशैवलाच्या राखेतून आयोडीन मिळाले. आंत्वान बालार यांनी १८२६ मध्ये मिठागरातील उरलेल्या द्रवातून ब्रोमीन वेगळे केले. फ्ल्युओरीन वेगळे करण्याच्या प्रयत्नांत अनेक शास्त्रज्ञांना विषबाधा झाली व काहींना प्राणासही मुकावे लागले. अखेर आंरी म्वासां यांनी १८८६ मध्ये निर्जल हायड्रोजन फ्ल्युओराइडात पोटॅशियम हायड्रोजन फ्ल्युओराइड विरघळवून त्याचे विद्युत् विच्छेदन केले व हा वायू मुक्त केला. ॲस्टटीन हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य १९४० मध्ये कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले.

गुणधर्म व विक्रियाशीलता : सामान्य तापमानास फ्ल्युओरीन हा फिकट पिवळा वायू, क्लोरीन हा हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन हा तांबूस तपकिरी द्रव व आयोडीन हा करडा-काळा, चकचकीत घन पदार्थ असून तापविल्यास त्याची जांभळी वाफ होते. गटात वरून खाली जाताना अणूचा आकार वाढतो आणि ऑक्सिडीकारक शक्ती कमी होते. मानक क्षपण वर्चसे फ्ल्युओरीन २·८७, क्लोरीन १·३६, ब्रोमीन १·०७ व आयोडीन ०·५४ व्होल्ट अशी आहेत. म्हणून वरचे हॅलोजन खालच्या हॅलोजनास त्याच्या लवणातून हुसकावून लावते. उदा., पोटॅशियम आयोडाइडाच्या विद्रावात क्लोरीन सोडल्यास आयोडीन मुक्त होऊन विद्राव तपकिरी होतो. उलटपक्षी, मिठाच्या विद्रावात आयोडीन टाकल्याने क्लोरीन मुक्त होत नाही.

एकट्या अणूची इलेक्ट्रॉन आसक्ती पाहिली, तर ती क्लोरिनाची सर्वांत जास्त आहे. असे असूनही फ्ल्युओरीन अधिक विक्रियाशील आहे. याचे कारण असे की, फ्ल्युओरिनाच्या रेणूतील बंध दुबळा (प्रतिमोल सु. १५८ किलोजूल, क्लोरिनाचा सु. २४२ किलोजूल) असून त्याचा आयन लहान असल्यामुळे तो इतर अणूंशी व पाण्याच्या रेणूंशी अतिशय घट्ट बांधला जातो. फ्ल्युओरीन पाण्यातून ऑक्सिजन मुक्त करते. क्लोरिनाची पाण्याशी अंशतः विक्रिया होऊन हायड्रोक्लोरिक व हायपोक्लोरस ही अम्ले बनतात. आयोडीन पाण्यात अत्यल्प विरघळते. हायड्रोजनाशी संयोग होऊन तयार होणाऱ्या अम्लांपैकी हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल सौम्य, तर इतर तीव्र असतात. तथापि सिलिकेवर विक्रिया करण्याचा गुण फक्त हायड्रोफ्ल्युओरिक अम्लातच आहे. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये सुरू झालेल्या पैसा फंड काच कारखान्यामुळे मावळात काचनिर्मितीचा उद्योग आला. अन्य तीव्र अम्ले काचेच्या बाटलीत निर्धास्तपणे ठेवता येतात. हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल मात्र ती बाटलीच खाऊन टाकते.

मावळच्या खडकातील हॅलोजने : मावळचा सर्व प्रदेश दक्षिण ट्रॅप या ज्वालामुखी खडकांचा बनलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या बेसाल्टी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. सह्याद्रीतील थरांचे जे वर्गीकरण भूवैज्ञानिकांनी केले आहे, त्यातील एका उपगटास ‘लोणावळा’ व त्यातील खालच्या शैलसमूहास ‘खंडाळा’ असे नाव आहे. त्याच्या वरच्या शैलसमूहास ‘बुशे’ म्हणतात.

लाव्हा पृष्ठभागाजवळ येताना त्यातील वायू निसटतात. त्यांत बाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड व गंधकाचे वायू यांबरोबर हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन फ्ल्युओराइड हेही असतात. सह्याद्रीतील ठाकूरवाडी ते बुशे या शैलसमूहांचा अभ्यास करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मूळ शिलारसात दर दशलक्ष भागांत सु. ४०० ते ३,००० भाग फ्ल्युओरीन होते. गंधकाच्या वायूंचा परिणाम जागतिक हवामानावर होऊ शकतो. फ्ल्युओरीन मात्र लवकर धुऊन खाली येत असल्यामुळे त्याचा परिणाम प्रादेशिक असतो. तो किती भयंकर असू शकतो, हे आइसलँडमधील लाकी भेगेच्या १७८३ मधील उद्रेकावरून कळते. तेथे फ्ल्युओराइडयुक्त राख गवतावर पडून तेथील निम्म्याहून अधिक पशुधन मेले व त्यामागोमाग दुष्काळ पडला. दक्षिण ट्रॅपचे उद्रेक त्याहून कितीतरी पटींनी मोठे होते.

सर्वच फ्ल्युओरीन हवेत गेले नाही. लाव्हा थिजताना त्यात वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून फिरणाऱ्या उष्ण पाण्याने या पोकळ्यांत झिओलाइट गटाची खनिजे, कॅल्साइट, क्वॉर्ट्‌झ व अपोफिलाइट यांचे स्फटिक निर्माण केले. अपोफिलाइट हे पोटॅशियम व कॅल्शियम यांचे जलयुक्त सिलिकेट असून त्याच्या फ्ल्युओरीनयुक्त प्रकारात वजनाने सु. २ टक्के फ्ल्युओरीन असते. ते तापविले असता त्याचे पापुद्रे सुटतात; त्यावरूनच १८०६ मध्ये रने आय्वी यांनी त्याला हे नाव दिले. पुणे परिसरातील हिरवट व रंगहीन अपोफिलाइटाचे नमुने खनिजसंग्राहकांत जगभर प्रसिद्ध आहेत. एके काळी आसमंत विषारी करण्यास समर्थ असलेले मूलद्रव्य या स्फटिकाच्या जालकात असे बद्ध झाले आहे, की तो तळहातावर निर्धास्तपणे घेता येतो.

क्लोराइडांचा आणखी एक मार्ग म्हणजे पाऊस. अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्रफेसातील मिठाचे सूक्ष्म कण येतात व घाटमाथ्यावरील पावसाच्या पाण्यात सोडियम व क्लोराइड यांचे अल्प प्रमाण आढळते.

बोरघाट व पटकी : खंडाळ्याजवळचा हा खडक मोठ्या प्रमाणावर प्रथम फोडला गेला तो लोहमार्गासाठी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या बोरघाटातील मार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन तो १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. जेम्स बर्कली हे मुख्य अभियंता होते. सु. २५ किमी. लांबीत ५५८ मी. चढण असलेल्या या मार्गावर २५ बोगदे खणावे लागले. या काळात सह्याद्रीच्या खडकांतील पोकळ्यांमधून मिळालेली खनिजे यूरोपातील संग्रहालयांत पोहोचली.

या कामावर १८६१ मध्ये ४२,००० पर्यंत मजूर होते. घाटातील वस्त्यांत पिण्याच्या पाण्याची व मलनिस्सारणाची धड सोय नव्हती. अपघात, ताप आणि विशेषतः पटकी (कॉलरा) यांमुळे हजारो मजूर मृत्युमुखी पडले. १८५९-६० च्या हंगामातील साथ फार मोठी होती. घाटकामाचे कंत्राट घेऊन आलेले सॉलोमन ट्रेडवेल हेही १८५९ मध्ये येथे आल्यावर अल्पावधीतच मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवून काम पुरे करविले.

या मृत्यूंचा हॅलोजनांच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. विरी गेलेल्या चुनकळीवर क्लोरीन वायू शोषून तयार केलेले विरंजक चूर्ण १७९९ पासून विक्रीस होते. कापड पांढरे करण्यासाठी व दुर्गंधी घालविण्यासाठी ते वापरीत. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने डॉक्टरांना हात धुवावयास लावून बाळंतरोगाचे मृत्यू कमी करून दाखविले होते. पटकी पाण्यातून पसरते, हे लंडनमधील जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पुराव्यानिशी मांडले होते. द्रव्य हाती होते व रोगाचा मार्गही कळलेला होता; परंतु रोग दूषित हवेमुळे होतो या रूढ मतामुळे ही दोन ज्ञाने एकत्र आली नाहीत. विरंजक चूर्ण दुर्गंधी हटविण्यासाठी शिंपडले जाई, पाण्यात मात्र घातले जात नसे. पटकीच्या जंतूविषयी रॉबर्ट कॉख यांचे संशोधन १८८३-८४ मध्ये ईजिप्तमध्ये व कलकत्त्यात झाले. बोरघाटातून आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.

छायाचित्रण : घाटबांधणीची छायाचित्रे उपलब्ध असून त्यांचा एक संग्रह ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाशी निगडित आहे. त्या काळच्या आर्द्र कलोडियन पद्धतीत (१८५१) काचेवर सिल्व्हर आयोडाइडाचा थर देऊन ती ओली असतानाच प्रकाशित करीत. ठसे बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर काढीत. त्यात मीठ मिसळून वर सिल्व्हर नायट्रेट लावले, की सिल्व्हर क्लोराइड तयार होई. पुढे जिलेटिनातील सिल्व्हर ब्रोमाइडाच्या कोरड्या काचा व फिती प्रचारात आल्या.

या क्रियेत हॅलोजनाच्या नेहमीच्या स्वभावाच्या उलट घटना घडते. हॅलाइड आयनाने घट्ट धरलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ऊर्जेने सुटतो व चांदीच्या आयनास मिळतो. त्यामुळे धातुरूप चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात. सुटलेले हॅलोजन थरातील जिलेटीन शोषून घेते. क्ष-किरणांनीही हीच क्रिया होते. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. उड्डियान व नौली या योगक्रियांच्या अभ्यासासाठी त्यांनी क्ष-किरण चित्रांचा उपयोग केला व ते निष्कर्ष योगमीमांसा या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. योगक्रियांच्या अभ्यासाला सिल्व्हर ब्रोमाइडाच्या थराची अशी साथ लाभली.

विद्युत् शक्ती : हॅलोजन बद्ध होताना जितकी ऊर्जा बाहेर टाकते, तितकी ते मुक्त करण्यासाठी पुरवावी लागते. मिठाच्या विद्रावाच्या विद्युत् विच्छेदनाने एक टन क्लोरीन मिळविण्यास पद्धतीनुसार सु. २,५०० ते ३,३०० किलोवॉट-तास वीज लागते. त्यामुळे क्लोरिनाचा उद्योग मुबलक विजेवाचून उभा राहत नाही. या दृष्टीने लोणावळ्याचे स्थान महत्त्वाचे आहे. टाटा जलविद्युत् योजनेची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी येथे बसविली गेली. लोणावळा, वळवण व शिरोटा या तलावांतील पाणी घाटाखाली सु. ५३० मी. सोडून खोपोली येथे तयार केलेली वीज १९१५ मध्ये मुंबईस मिळू लागली. ती प्रामुख्याने कापड गिरण्यांना पुरविली जाई. गिरण्यांना लागणारे विरंजक चूर्ण मात्र त्या काळी परदेशातून येई. भारतात क्लोरिनाचे औद्योगिक उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मूळ धरू लागले. महाराष्ट्रात हा उद्योग मीठ, वीज व कारखाने ही तिन्ही जवळ असलेल्या ठाणे-बेलापूरसारख्या पट्ट्यात वाढला.

पाण्याचे निर्जंतुकीकरण : इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ मध्ये विषमज्वराच्या साथीत जलवाहिन्या विरंजक चूर्णाने निर्जंतुक करण्यात आल्या. पिण्याच्या पाण्यासाठी द्रवरूप क्लोरीन वापरावे, ही सूचना १९०३ मध्ये करणारे व्हिन्सेंट नेस्फील्ड हे भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी होते. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ पासून सार्वजनिक पुरवठ्यात क्लोरीन नियमितपणे वापरले जाऊ लागले.

पाण्यात तयार होणारे हायपोक्लोरस अम्ल विद्युत् भाररहित असल्यामुळे जंतूंच्या आवरणातून सहज आत शिरते व त्यांच्या प्रथिनांचे ऑक्सिडीभवन करते. पाणी अल्कधर्मी असल्यास या अम्लाचे आयनात रूपांतर होते व जंतुनाशक शक्ती घटते. क्लोरीन जंतू व इतर कार्बनी पदार्थ यांत भेद करीत नाही. गढूळ पाण्यात ते गाळातील कार्बनी पदार्थांवरच खर्च होते, शिवाय मातीचे कण जंतूंना आडोसा देतात. म्हणून आधी तुरटीने पाणी निवळणे व गाळणे आवश्यक असते. सर्व मागणी पुरी होऊन थोडे क्लोरीन शिल्लक राहिले, तरच पाणी सुरक्षित समजतात. भारतीय मानकानुसार हे अवशिष्ट मुक्त क्लोरीन दर लिटरमागे किमान ०·२ मिग्रॅ. असावे लागते. कार्बनी पदार्थांशी क्लोरिनाची विक्रिया होऊन क्लोरोफॉर्मासारखी संयुगे अल्प प्रमाणात तयार होतात, हे १९७४ मध्ये दिसून आले. त्यांचे प्रमाण कमी ठेवणे इष्ट असले, तरी त्यासाठी निर्जंतुकीकरण सोडून देणे अनेक पटींनी अधिक घातक ठरते.

मावळातील पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी नदीपात्रातून खाली येऊन पिंपरी-चिंचवड शहरास पुरविले जाते व शुद्धीकरण केंद्रात त्याचे क्लोरिनीकरण होते. घाटमाथ्यावरील लहान गावे व वाड्या-वस्त्या यांचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत विरंजक चूर्ण ‘टीसीएल पावडर’ या नावाने ओळखले जाते. ताज्या चूर्णात सु. ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते व १,००० लिटर स्वच्छ पाण्यास सु. २·५ ग्रॅ. चूर्ण पुरते. चूर्ण थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसल्यावर वरची निवळी पाण्यात मिसळतात व तासाभराने पाणी वापरतात. विहिरींसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) दुहेरी मडक्याची पद्धत सुचविली. तीत चूर्ण व जाड वाळू यांचे मिश्रण आतील मडक्यात भरून दोन्ही मडकी पाण्यात टांगतात. क्लोरीन छिद्रांतून हळूहळू पाझरत राहते.

विरंजक चूर्णाचा एक दोष मावळात विशेष जाणवणारा आहे. दमट हवेत, त्यातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या विक्रियेने, तसेच प्रकाशाने चूर्णातील क्लोरीन उडून जाते. लोणावळा हे अतिवृष्टीचे ठिकाण आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ होऊन क्लोरिनाची मागणी वाढते, रोगांचा संभवही वाढतो. आणि नेमके त्याच वेळी पोत्याचे तोंड उघडे राहिल्यास चूर्णाचे बळ घटते. वास येत असला, तरी ते पुरेसे प्रभावी असेलच असे नाही. म्हणून ते हवाबंद, अपारदर्शक भांड्यात कोरड्या जागी ठेवणे व ऑर्थोटोलिडीन वा तत्सम कसोटीने अवशिष्ट क्लोरीन रोज तपासणे आवश्यक ठरते.

युद्धातील उपयोग व संरक्षण : पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे नळकांड्यांतून सु. १५० टन क्लोरीन वाऱ्याबरोबर सोडले. त्यानंतर चारच दिवसांनी हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला त्याच आघाडीवर या वायूस तोंड द्यावे लागले. क्लोरीन हवेच्या सु. अडीच पट जड असल्यामुळे खंदकांत व सखल भागात साचते. फुप्फुसातील ओलाव्याशी त्याची विक्रिया होऊन तेथील ऊती जळतात, फुप्फुसात द्रव साचतो व श्वास कोंडतो. पाण्यात जंतू मारणारी विक्रियाच येथे माणसाच्या पेशींवर होते. फरक मात्रेचा असतो. पुढे वापरलेले फॉस्जीन व मस्टर्ड वायू हेही क्लोरिनाचीच संयुगे होत. रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९९३ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला होऊन १९९७ मध्ये अंमलात आला. भारत त्याचा मूळ सदस्य आहे.

लोणावळ्यातील आय. एन. एस. शिवाजी हे नौदलाचे अभियांत्रिकी शिक्षणाचे केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ रोजी कार्यान्वित झाले. आण्वीय, जैव व रासायनिक हल्ल्यांपासून संरक्षणाचे आणि आगीसारख्या आपत्तींत जहाज वाचविण्याचे शिक्षणही येथे दिले जाते. त्यासाठी ‘अभेद्य’ ही प्रशिक्षण सुविधा २०२२ मध्ये सुरू झाली. विषारी वायूपासून संरक्षण देणाऱ्या मुखवट्यातील सक्रियित कोळसा असे वायू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. जहाजांवरील व विमानांतील आगी विझविण्यासाठी ब्रोमीनयुक्त हॅलॉन वायू दीर्घकाळ उत्तम मानले जात. ज्वालेतील विक्रियांची साखळी ब्रोमीन तोडते. परंतु हेच वायू वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन विघटित झाले, की त्यांतील ब्रोमीन व क्लोरीन ओझोनाचा नाश करतात. १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले. विकसनशील देशांसाठी ही मुदत २०१० ची होती.

बोरघाटातील मजुरांना क्लोरीन मिळाले नाही आणि ईप्रच्या खंदकातील सैनिकांना ते टाळता आले नाही. दोन्ही ठिकाणी मूलद्रव्याचा गुणधर्म एकच होता. त्याची मात्रा, त्याची स्थिती व त्याविषयीचे ज्ञान कोणाच्या हाती आहे, यांवर परिणाम अवलंबून राहिला. मावळातील एखाद्या वाडीच्या विहिरीवर पावसाळ्यात कोरडे, ताजे चूर्ण योग्य प्रमाणात पडते की नाही, या साध्या प्रश्नाचे महत्त्व त्यामुळेच आजही कमी झालेले नाही.